लातूरमधील एका जुन्या घराची आवराआवर: झिजलेल्या वस्तूंच्या वाटणीचे प्रकरण

लातूरच्या गंजगोलाईमागील जुन्या वस्तीतील हे घर आहे. दर्शनी भाग माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छताचा, मागच्या बाजूला नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या आणि मध्ये शहाबादी फरशीचे अंगण अशी त्याची रचना होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात माळवदाच्या भिंतींना पडलेल्या भेगा वेळोवेळी बुजवून घर वापरात ठेवले गेले; परंतु गेल्या पावसाळ्यात एका खणाची तुळई खचली आणि पुढचा पाऊस लागण्याआधी तो भाग उतरवून घेण्याचे कुटुंबाने ठरवले. घरात ऐंशी ओलांडलेली आई, थोरला मुलगा आणि सून राहतात. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि मुलगी उदगीरला दिलेली आहे. माळवदाच्या खणांत तीन पिढ्यांचे सामान साठले होते आणि त्यातील बहुतेक वस्तू झिजलेल्या, फुटलेल्या किंवा बिनकामाच्या झालेल्या होत्या. शेजारपणाच्या नात्याने या आवराआवरीत मी सोबत होतो. असा प्रसंग मराठवाड्यातील जुन्या घरांत आता वारंवार येतो आणि तो बहुधा एका दुपारी घाईघाईने उरकला जातो, म्हणून त्याचा तपशील येथे नोंदवत आहे.

पहिला प्रस्ताव सोपा होता. एका भंगारवाल्याने सगळे सामान उक्ते उचलण्याची तयारी दाखवली आणि एक ठोक रक्कम सांगितली. धाकट्या मुलाच्या हाती सुट्टीचे मोजकेच दिवस होते, त्यामुळे त्याला हा मार्ग पसंत होता. सुनेला तो पटला नाही. "भाऊजी, ह्यातलं कोणाला काय लागतंय ते आधी बघू, मग काटा लावू," असे ती म्हणाली आणि पुढचे सगळे काम या एका वाक्यामुळे वेगळ्या वाटेने गेले.

उक्त्या सौद्यात भाव ठरतो तो तांबे, पितळ, लोखंड आणि बॅटरी यांच्यावर. हा माल काढून घेतल्यानंतर उरलेल्या कापड, काच, थर्माकोल, फुटके प्लास्टिक आणि औषधे यांचे घेणाऱ्याला काहीच मिळत नसते. ते नाल्याकाठी किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन पडते, नाहीतर जाळले जाते. यात भंगारवाल्याचा दोष काढणे मला योग्य वाटत नाही, कारण ज्याला बाजार नाही असा माल त्याने स्वतःच्या खर्चाने कुठे न्यावा, याचे उत्तर सौदा करणाऱ्या घरानेही दिलेले नसते. शिवाय एकदा का सगळे एका टेम्पोत पडले, की धोतरावर बॅटरीचे आम्ल सांडते, वहीवर रंगाचा डबा कलंडतो आणि जे सकाळपर्यंत उपयोगाचे होते ते संध्याकाळी खरोखरच कचरा होऊन बसते. म्हणून मिसळण्याआधी वेगळे करणे एवढा एकच नियम आम्ही धरला. वाटणी खोलीप्रमाणे न करता पदार्थाप्रमाणे करायची आणि सगळ्यात आधी घातक वस्तू बाहेर काढायच्या, असे ठरले. चैत्राचे कोरडे ऊन असल्यामुळे अंगणात ढीग उघडे ठेवता आले. हेच काम श्रावणात निघाले असते तर कापड आणि कागद यांचा निम्मा माल बुरशीने गेला असता.

आधी बाहेर काढलेल्या वस्तू

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, जळालेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे, पाऱ्याचा थर्मामीटर, वडिलांच्या आजारपणातील मुदत संपलेली औषधे, आईच्या इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया, रंगाचे अर्धवट डबे आणि शेतावरून आलेल्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्या अशा वस्तू वेगवेगळ्या कोनाड्यांतून निघाल्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातील कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते आणि वरील जवळजवळ प्रत्येक वस्तू त्या तिसऱ्या भागात नावानिशी येत होती. व्यवहारात मात्र हा तिसरा भाग दुसऱ्यात मिसळून दिला जातो.

बॅटरीतील शिशाला चांगला भाव असल्यामुळे तिला गिऱ्हाईक लगेच मिळते आणि नेमका धोका तेथेच आहे. किरकोळ घेणारा वजन कमी करण्यासाठी किंवा वाहून नेणे सोपे जावे म्हणून आतील गंधकाम्ल गटारीत ओततो आणि पुढे शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते; त्या धुरातले आणि मातीतले शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून ही बॅटरी आम्लासकट, झाकणे घट्ट लावून, नव्या बॅटरीच्या बदल्यात दुकानदाराकडेच परत दिली. किमतीतून जी वजावट मिळाली ती भंगाराच्या भावापेक्षा फारशी कमी नव्हती आणि पावतीवर तशी नोंद करून घेतली.

ट्यूब आणि सीएफएल यांत अल्प प्रमाणात पारा असतो, त्यामुळे त्या न फोडता मूळ खोक्यांत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या. थर्मामीटरमधला पारा त्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक असतो. तो फुटला तर झाडूने लोटू नये, कारण त्याचे थेंब बारीक होऊन फटींत जातात आणि त्यांची वाफ दीर्घकाळ येत राहते. खिडक्या उघडून, जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करून ते झाकणाच्या बाटलीत भरणे एवढेच घरात करता येते. सुयांसाठी फिनेलची जाड रिकामी बाटली घेतली, तिचे झाकण चिकटपट्टीने बंद केले आणि वर ठळक अक्षरांत मजकूर लिहिला. घंटागाडीवर उघड्या हातांनी कचरा वेगळा करणाऱ्या माणसाला सुई टोचू नये, यासाठी लागणारे कष्ट इतकेच आहेत.

फवारणीच्या बाटल्यांबाबत थोरल्या मुलाशी थोडा वाद झाला. त्या जाड, घट्ट झाकणाच्या आणि दिसायला चांगल्या असतात. धुऊन त्यांत रॉकेल किंवा बियाणे ठेवण्याची सवय आपल्याकडे गावोगाव आहे. कीटकनाशकाचा अंश प्लास्टिकच्या अंगात मुरतो आणि धुण्याने पूर्ण जात नाही, त्यामुळे या बाटलीचा दुसरा कोणताही घरगुती उपयोग करू नये. फवारणीच्या वेळीच ती तीनदा विसळावी, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे आणि बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी, ही पद्धत आहे. घरात निघालेल्या बाटल्यांना भोके पाडून त्या घातक कचऱ्यासोबत दिल्या. पुनर्वापराचा आग्रह धरणाऱ्याने कशाचा पुनर्वापर करायचा नाही हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे.

कापडाचा ढीग

सगळ्यात अधिक वेळ कापडाला लागला आणि तो सार्थकी लागला. पत्र्याच्या दोन पेट्यांतून आजीची सुती नऊवारी लुगडी, धोतरे, उपरणी, टेरिकॉटचे सदरे, नायलॉनच्या साड्या, कसर लागलेली घोंगडी आणि असंख्य चिंध्या निघाल्या. सुती कोणते आणि कृत्रिम धाग्याचे कोणते हे हाताला नेहमी कळत नाही. काठाचा एक धागा ओढून काडीने पेटवला, की सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते आणि कृत्रिम धागा आक्रसून त्याची कडक गुठळी बनते. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. या परीक्षेने ढीग दोन झाले.

लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, तर पदर आणि काठ पुष्कळ टिकतात. म्हणून प्रत्येक लुगडे उजेडात धरून विरलेला भाग खडूने आखला आणि तो कापून बाजूला केला. पूर्ण नऊ वार शाबूत असलेल्या लुगड्याचे चार समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा, म्हणजे दोन मीटरपेक्षा थोडा अधिक लांब होतो. असे दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की गोधडीची एक बाजू तयार होते आणि उरलेल्या दोहोंत दुसरी. आत धोतरांचे थर घातले जातात, कारण धोतराचे सूत वापराने मऊ झालेले असते आणि त्यातून सुई सहज जाते. विरलेले पण न फाटलेले तुकडेही आतल्या थरांत चालतात. गल्लीतील एक मावशी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्याचे काम करतात. त्यांनी कृत्रिम कापड आत घालण्यास साफ नकार दिला, आणि त्यांचे कारण पटण्याजोगे होते: नायलॉन घाम शोषत नाही, टाक्यांतून सरकते आणि वाकळ धुतल्यावर आतल्या आत गोळा होते. कडेपासून आत वळत जाणारा धावदोरा सर्व थरांना एकजीव धरतो, त्यामुळे एखादा थर फाटला तरी वाकळ विसविशीत होत नाही. जवळच अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पंचीकरण या वेदान्तातील विषयावर लिहिलेली लांबलचक पासोडी, म्हणजे जाड सुती चादर, आहे. दासोपंत १६१५ मध्ये समाधिस्थ झाले आणि कापडावरचे ते लेखन आजही आहे. कोरडे आणि जपून ठेवलेले सुती कापड किती काळ तग धरते याचा याहून मोठा पुरावा या भागात शोधावा लागत नाही.

नायलॉनच्या साड्यांच्या पट्ट्या विणून पायपुसणी झाली, थोड्या साड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या, आणि चांगल्या राहिलेल्या साड्या जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बाईंना दिल्या. या बाया प्रत्येक कपडा उलटून, काख आणि कॉलर पाहून मगच घेतात. त्यांच्याकडून तो दुरुस्त होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो. त्यांनी नाकारलेले सुती सदरे गुंड्या आणि चेन काढून घेऊन गॅरेजवाल्यांना पुसण्यासाठी दिले. तेल शोषणारी सुती चिंधी त्यांना रोज लागते आणि कृत्रिम चिंधी त्यांच्या उपयोगाची नसते, म्हणून येथेही वर्गवारीचा उपयोग झाला. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची होती. कसरीने खाल्लेला भाग कापून, उरलेला कडक उन्हात झटकून, त्यातून आईसाठी बसायची आसने केली. लोकर थंड फरशीवर ऊब धरते आणि सहज पेट घेत नाही, त्यामुळे देवघरासमोर ती सोयीची ठरली.

टेरिकॉटच्या बारीक चिंध्यांचे मात्र आम्हाला काहीच करता आले नाही. सूत आणि पॉलिएस्टर एका धाग्यात पिळलेले असल्यामुळे ते वेगळे करणे कठीण असते, आणि लोकरीच्या जुन्या कपड्यांपासून पुन्हा धागा काढणारा जो मोठा उद्योग हरियाणातील पानिपतला आहे, तेथपर्यंत एका घराच्या एका पोत्याने पोहोचावे कसे, हा प्रश्न राहतोच. ते पोते सुक्या कचऱ्यात गेले.

गाद्या आणि उशांचे काम झटपट झाले. बसलेल्या गादीत कापूस गुठळ्या होऊन दबलेला असतो, तो कुजलेला नसतो. पिंजाऱ्याकडे यंत्रातून काढल्यावर धूळ आणि सरकीचे कण गळतात, धागे मोकळे होतात, आणि थोडा नवा कापूस मिसळून तीच गादी भरता येते. कापसाच्या मुलखात राहून आपण फोमची गादी आणतो आणि ती बसल्यावर तिचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते, याची खंत वाटते. या घरातही अशी एक फोमची गादी निघाली. तिचा उल्लेख शेवटी येईल.

भांडी, पत्रा आणि तारा

धातूंची वाटणी पुष्कळांना येते असे वाटते, पण प्रत्यक्षात पितळ, तांबे आणि कासे एकाच काट्यावर "पितळ" म्हणून जातात. तांबे लालसर असते आणि घासल्यावर आतूनही लालच निघते. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे, तर कासे हे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. काशाच्या वाटीवर नखाने टिचकी मारली की आवाज लांबपर्यंत घुमतो आणि ती आपटली तर पितळेसारखी चेपत नाही, तडकते. तांब्याचा आणि काशाचा मोडीचा, म्हणजे भंगाराचा, भाव पितळेपेक्षा सहसा अधिक असतो, म्हणून हे तीन ढीग वेगळे ठेवून दोन ठिकाणी भाव विचारला. मोड घेताना दुकानदार घट, म्हणजे वजनातली वजावट, धरतात. बंबाच्या तळाशी साठलेले क्षार, हंड्याच्या कानातली लाखेची किंवा शिशाची भर आणि लोखंडी कड्या आधी काढून नेल्या, तर घटीवरून वाद होत नाही.

सगळी भांडी मोडीत घातली नाहीत. दोन पितळी पातेली आणि एक मोठी परात कल्हईला दिली. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकून कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पातळ थर पसरवतो. हा थर नसेल तर चिंच, ताक किंवा टोमॅटो यांच्या आंबटाने पितळेतील तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर तापवू नये. नवीन सुनांना हे सांगणारे कोणी घरात राहिलेले नसते आणि मग "कल्हई टिकत नाही" अशी तक्रार होते. तळ गळणाऱ्या घागरीला डाख (धातूचा सांधा) देऊन घेतला, पण शिशाच्या डाखाची घागर पिण्याच्या पाण्याला वापरायची नाही असे ठरवून ती तुळशीच्या आणि फुलझाडांच्या पाण्यासाठी ठेवली.

जर्मलची काळी पडलेली पातेली आणि तळ फुगलेला कुकर निःशंकपणे भंगारात दिला. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवताना खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे या धातूचा एकही तुकडा कचऱ्यात जाऊ नये. कुकरची रबरी रिंग, बेकेलाइटचे दांडे आणि शिट्टी काढून घेतली. स्टीलच्या भांड्यांना चुंबक लावून पाहिले. चुंबक न धरणाऱ्या स्टीलला सहसा चांगला भाव मिळतो आणि हे घेणाऱ्याला माहीत असते, तसे देणाऱ्यालाही असावे. लोखंडी कुदळ, विळ्या, पहार यांतले निम्मे सामान लोहाराकडे गेले आणि धार लावून शेतावर परतले.

जुन्या वायरिंगच्या तारांचे वेटोळे निघाले तेव्हा मदतीला आलेल्या मुलांनी ते जाळून तांबे काढण्याची तयारी केली होती. वायरवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषे निघतात. जळलेल्या तांब्याचा भावही उतरतो. तारा आवरणासकट विकल्या. घेणाऱ्याकडे सोलण्याचे हत्यार असते.

टिपाडांचा प्रश्न

आईचा खरा विरोध झाला तो टिपाडांवरून. माळवदाच्या एका खणात प्लास्टिकची निळी टिपाडे (पिंपे), जस्ती बादल्या आणि हंडे भिंतीला लागून रचलेले होते. "टिपाडांला हात लावू नका. पाण्याचा भरवसा हाय का?" असे त्यांनी ठामपणे सांगितले. हा हट्ट नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, त्या दिवसांत ज्या घरात टिपाड होते त्या घरात पाणी होते. लातूरकरांच्या घरांतून ही टिपाडे निघत नाहीत याचे कारण त्या उन्हाळ्यात आहे, आणि आवराआवर करणाऱ्याने ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून टिपाडे मोडायची की ठेवायची, हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक टिपाडाची तपासणी केली. उन्हात राहिलेल्या प्लास्टिकचा रंग फिका पडतो, पृष्ठभाग पांढुरका होऊन बोटाला भुकटी लागते आणि काठ दाबल्यावर वाकण्याऐवजी चिरतो. अशी टिपाडे भरली तर दोनशे लिटर पाण्याच्या भाराने तळाशी फाटण्याची भीती असते. काही टिपाडे कारखान्यातून आलेली होती आणि त्यांच्यावर रसायनाच्या जुन्या चिठ्ठ्यांचे अवशेष दिसत होते. ती कितीही घट्ट असली तरी पिण्याच्या पाण्यातून बाद केली. शाबूत आणि निर्धोक अशी तीन टिपाडे आईच्या समाधानाप्रमाणे स्लॅबच्या खोलीत गेली. रसायनाचे एक टिपाड पावसाच्या पन्हाळीखाली ठेवायचे ठरले, त्याचे पाणी फक्त अंगण धुण्यासाठी. भुगा होऊ लागलेली टिपाडे प्लास्टिक दळणाऱ्याकडे गेली.

प्लास्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो तो या वेळी फार उपयोगी पडला. टिपाडे आणि तेलाचे कॅन २ क्रमांकाचे, पाण्याच्या बाटल्या १ क्रमांकाच्या, पाइप ३ क्रमांकाचे आणि बहुतेक डबे व खुर्च्या ५ क्रमांकाच्या निघाल्या. दाणा बनवणाऱ्याला ही वर्गवारी का हवी असते, त्याचे कारण वितळण्याच्या तापमानात आहे. २ क्रमांकाचे प्लास्टिक साधारण १३० अंशांना वितळते, १ क्रमांकाच्या बाटलीला साधारण २५० अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेला ३ क्रमांकाचे पीव्हीसी विघटित होऊन आम्ल सोडते. बाटल्यांच्या ढिगात पाइपचे चार तुकडे पडले, तरी संपूर्ण घाणा पिवळा पडून ठिसूळ होतो. अंगणात चार पोती मांडण्याचे कष्ट या घाण्यापर्यंत पोहोचतात.

कागद

रद्दीचा भाव बघून सगळा कागद बांधून ठेवला होता. तो पुन्हा सोडवला. खालच्या गठ्ठ्यांत मोडी लिपीतील हिशेबाच्या वह्या आणि उर्दूतील सरकारी कागद होते. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि जमिनीचे, सावकारीचे, शाळेचे कितीतरी कागद त्या काळच्या उर्दूत किंवा मोडीत आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या आणि रद्दीत गेलेल्या कागदांची हळहळ कितीतरी कुटुंबांनी केली. लिपी वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. हे गठ्ठे कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधले, मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना दाखवायचे ठरले, आणि त्यानंतरच बाकीची वर्तमानपत्रे व शाळेच्या वह्या रद्दीत गेल्या.

लाकूड, दगड आणि माती

माळवद उतरवताना सागाचे खांब आणि तुळया अखंड निघाव्यात यासाठी वरची माती आधी काढून भार हलका करावा लागतो. ठेकेदार वेळ वाचवण्यासाठी भिंत एकदम पाडतात आणि लाकूड चिरते. वाळवी लागलेली टोके कापून बाकीचे लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घेतले. एक दार आणि चौकट नव्या बांधकामासाठी ठेवली. पाटा-वरवंटा सून वापरते म्हणून तो छिन्नीची टाकी लावून घेतला, आणि एक जाते मुलीने उदगीरला नेले. माळवदाची आणि भिंतींची पांढरी माती शेजारच्या गावातील शेतकऱ्याने ट्रॅक्टरने उचलली. गावठाणाची जुनी पांढरी माती शेतात टाकण्याची रीत या भागात पूर्वीपासून आहे. ती देताना त्यात काचा, वायर आणि प्लास्टिक मिसळू न देण्यासाठी आधी केलेली सगळी वर्गवारी कामी आली.

हिशेब आणि उरलेला माल

पैशाच्या दृष्टीने पाहिले, तर वेगवेगळे विकून मिळालेली रक्कम उक्त्या सौद्यापेक्षा चांगलीच अधिक भरली. परंतु त्यातून कल्हई, पिंजणावळ, वाकळांची शिलाई आणि टेम्पोचे भाडे गेले आणि हाती राहिलेला फरक धाकट्या मुलाला नजरेत भरण्याजोगा वाटला नाही. त्याची ही नोंद येथे प्रामाणिकपणे ठेवली पाहिजे, कारण असे काम केवळ नफ्यासाठी करायला कोणी तयार होणार नाही. त्याच्या मताला माझे उत्तर एवढेच, की तो खर्च वाकळ शिवणाऱ्या मावशींना, पिंजाऱ्याला, कल्हईवाल्याला आणि लोहाराला मिळाला आणि त्या बदल्यात घरात वस्तू आल्या. उक्त्या सौद्यात यांपैकी कोणीच नव्हते. वेळेचा मुद्दा मात्र त्याचा बरोबर होता. घरात सुनेसारखे रोज लक्ष घालणारे माणूस नसते तर ही वर्गवारी तिसऱ्या दिवशीच मोडली असती, आणि अशा कामाचा भार बहुतेक घरांत बाईवरच पडतो, हेही या प्रकरणाच्या नोंदीत यायला हवे.

जुना नळीचा टीव्ही विक्रीला ठेवला नाही. त्याच्या काचेत शिसे असते आणि आतील तांब्याच्या गुंडाळीसाठी तो हातोड्याने फोडला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी उपकरणे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेली पाहिजेत. लातुरात अशी सोय लगेच हाताशी नव्हती, म्हणून टीव्ही, दोन रेडिओ आणि मोबाइलचे चार्जर एका खोक्यात भरून धाकट्या मुलाने पुण्याला नेण्याचे कबूल केले. ट्यूब, थर्मामीटर, औषधे आणि सुयांची बाटली घंटागाडीवर वेगळी आणि सांगून दिली.

यानंतरही एक कोपरा भरून माल उरला: फोमची गादी, थर्माकोल, सनमायका चिकटवलेल्या फुगलेल्या भुशाच्या फळ्या, मेलामाइनच्या प्लेटा, रबर आणि रेक्झिन एकत्र शिवलेल्या चपला, आणि फुटलेल्या कपबश्या. कपबश्या आणि फुटकी कौले बारीक करून नव्या जोत्याच्या भरावात घातली. भुशाच्या फळ्या चुलीत घालू नयेत, त्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. तरीही शेजारच्या हॉटेलवाल्याने त्या जळणासाठी मागितल्या आणि त्याला नकार द्यावा लागला. बाकीच्या वस्तूंना कोणीही घेणारा भेटला नाही. त्या चार पोत्यांत बांधून, प्रत्येक पोत्यावर आत काय आहे ते लिहून, सुका कचरा म्हणून महापालिकेच्या गाडीत दिल्या. पुढच्या खरेदीच्या वेळी सुनेने फोमची गादी आणि भुशाचे कपाट या दोन वस्तू यादीतून काढल्या आणि पिंजाऱ्याकडे आणखी एका गादीची मागणी नोंदवली.